रिकामा पाय, कपातला चमचा

विमानाला एकच इंजिन असण्यात वियार्ड बोमगार्डनला आयुष्यात कधी कमीपणा वाटला नव्हता. नाक एक, बायको एक, नोकरी एक, तसं इंजिनही एक. पण गेल्या वर्षी मे महिन्यात ते एकुलतं एक इंजिन हवेत बंद पडलं, आणि वियार्डच्या मनाची घडीच विस्कटली.

झालं होतं ते एवढंच. क्लबचं छोटं विमान घेऊन तो बायकोला, टाल्केला, समोरच्या बेटावर नेत होता. तिथे तिची थोरली बहीण व्युब्के राहते. अर्ध्या वाटेत इंजिन खोकलं आणि गप्प झालं. नशिबाने ओहोटी होती. समुद्र मागे हटलेला, खाली मैलोन्मैल ओली वाळू. वियार्डने विमान त्या वाळूवर असं उतरवलं की टाल्केच्या मांडीवरच्या केकची सायसुद्धा मोडली नाही. पेपरात फोटो आला. बांध खात्यात, जिथे वियार्ड समुद्राला अडवणाऱ्या मातीच्या बांधावरचे खड्डे नोंदवण्याचं काम करतो, साहेबाने हात मिळवला. फक्त टाल्के घरी आल्यावर म्हणाली, "मी आता तुझ्याबरोबर विमानात बसणार नाही."

आणि ती बसली नाही. दर शनिवारी बोटीने जायला लागली. ती बोट भरती-ओहोटी बघून सुटते, त्यामुळे कधी पहाटे जायचं, कधी संध्याकाळी, आणि परत यायचं ते समुद्राच्या मर्जीने. व्युब्केचं हृदय थकत चाललं होतं. बेट सोडून दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. टाल्केला तिथे जास्त असायला हवं होतं, आणि निम्मा वेळ ती धक्क्यावरच्या बाकावर बसून पाण्याची वाट बघत होती.

वियार्डने विचार केला आणि निदान केलं: टाल्केला एका इंजिनाची भीती बसली आहे. उपाय, दोन इंजिनं. बायको "नाही" का म्हणते, हे बायकोलाच विचारायचं असतं. पण अशा अर्थाचं परिपत्रक बांध खात्यात कधी आलं नव्हतं. त्यामुळे त्याने विचारलं नाही. या किनाऱ्यावरचे पुरुष तसेही सकाळी "मॉइन" म्हणतात, भेटल्यावर "मॉइन" म्हणतात, रात्री झोपताना "मॉइन" म्हणतात, आणि तेवढ्यात संसार झाला असं समजतात.

"दोन इंजिनांचा परवाना काढतोय," त्याने चहाच्या टेबलावर जाहीर केलं.

टाल्केने त्याच्या कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वरून चहा ओतला. खडा तडकला. "काढ की," ती म्हणाली.

हाच तो पाठिंबा. पुढे कित्येक महिने तो लोकांना सांगत होता की हे सगळं टाल्केच्या आग्रहाने चाललंय.

शेजारी फोको साथोफ. निवृत्त मुख्याध्यापक. त्याचं घर धावपट्टीच्या टोकाला आणि वियार्डचं त्याला लागून, मध्ये ऱ्होडोडेंड्रॉनचं दाट कुंपण. दुपारी एक ते तीन विमानतळावर ना उड्डाण, ना उतरणं, ही दुपारची शांतता फोकोने जिल्हा कचेरीत अर्ज करकरून मिळवली होती. आवाज मोजायचं यंत्र तो गळ्यात घालून हिंडत असे, दुसरे लोक चष्मा घालतात तसं.

"दोन इंजिनं?" फोको कुंपणावरून म्हणाला. "म्हणजे बंद पडायची शक्यता दुप्पट. मी तिसरीच्या मुलांना हेच शिकवायचो."

"एक बंद पडलं तर दुसरं चालू असतं, फोको."

"हो का? मग आवाज कुठे कमी होणार?"

क्लबचा अध्यक्ष हाब्बो आयलर्स. तोच खिडकीच्या खोलीत बसून रेडिओवर विमानांशी बोलतो, तोच बिअरच्या किल्ल्या ठेवतो, तोच ठराव मांडतो आणि तोच अनुमोदन देतो. क्लबकडे दोन इंजिनांचं एक जुनं विमान होतं. हँगरच्या तळाशी, सहा ग्लायडर आणि गवत कापायच्या यंत्रामागे, ताडपत्रीखाली. ते बाहेर काढायला वियार्डला परवानगी हवी होती.

"परवानगी आहेच," हाब्बो म्हणाला. "पण तुझं श्रमदान बाकी आहे. क्लबचं काम केल्याशिवाय क्लबचं विमान नाही. नियम आहे."

"किती बाकी आहे?"

"गवत काप. मग बघू."

वियार्डने गवत कापलं. मग हँगरचं दार खरवडून रंगवलं. मग छपराच्या पन्हळीतून सीगलची घरटी काढली आणि सीगलने त्याच्या टकलावर आपलं मत नोंदवलं. बांध खात्यात ज्याच्या सहीवाचून मेंढी बांधावर चढत नाही, तो माणूस गुडघ्यावर बसून क्लबचा संडास घासत होता, आणि हाब्बो शेजारून जाताना म्हणत होता, "कोपरे, वियार्ड. कोपऱ्यात माणसाची पारख होते."

क्लब नावाची चीज अशीच असते. चार माणसं मजेसाठी एकत्र येतात आणि पाचव्याच्या मजेवर नियम करतात.

ताडपत्री निघाली तेव्हा नवी भानगड. विमान उडण्यालायक आहे की नाही हे तपासनीसाने तपासायला हवं होतं. तपासनीस शंभर किलोमीटरवर. विमान तिथे उडवत न्यायला हवं, आणि तपासल्याशिवाय उडवायला बंदी. वियार्डने कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपला मुद्दा बरोबर आहे. बस, एवढंच. मुद्दा बरोबर आहे म्हणून कळवायला सरकारने टपालहशील खर्च केला आणि कागद फायलीत घातला. शेवटी तो तपासनीसच सुट्टीत सायकल घेऊन बेटांकडे निघाला होता, तो वाटेत चाक पंक्चर झालं म्हणून क्लबात शिरला. हाब्बोने त्याचं चाक दुरुस्त करून दिलं ते त्याने विमान तपासून दिल्यावरच. याला लाच म्हणत नाहीत. याला शेजारधर्म म्हणतात.

शिकवायला हिल्के उपहोफ होती. सत्तरी ओलांडलेली, खुर्चीवर उशी ठेवल्याशिवाय काचेबाहेर दिसत नाही एवढी बुटकी. तिने उमेदीची सगळी वर्षं बेटांवर टपाल, पाव आणि अडलेल्या बाळंतिणी नेल्या होत्या. गालात कायम खारट काळी गोळी.

"काय काय येतं तुला?" तिने विचारलं.

"उडवता येतं," वियार्ड जरा ताठ होत म्हणाला. "वीस वर्षं उडवतोय. वाळूवरसुद्धा उतरवलंय."

"पेपरात वाचलं. आता चालवून दाखव. जमिनीवरच."

दोन इंजिनं म्हणजे दोन दांडे. वियार्डचा हात वीस वर्षं एकाच दांड्याला सरावलेला. त्याने सवयीने एकच दांडा पुढे ढकलला. डावं इंजिन गरजलं, उजवं स्वस्थ. विमानाने उजवीकडे गिरकी घेतली, मग दुसरी घेतली. क्लबच्या अंगणात रविवारची मंडळी केक खात बसली होती. वियार्ड बोमगार्डन त्यांच्यासमोरून तीनदा गेला. दर वेळी त्याचा चेहरा तसाच गंभीर, जणू हाच कार्यक्रम ठरला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दुसरा हात लग्नात ठेवून आलास का?" हिल्के म्हणाली.

पण हे सगळं क्षुल्लक. खरी फजिती हवेत झाली.

दोन इंजिनांच्या विमानात शिकायची मुख्य गोष्ट एकच: त्यातलं एक मेलं तर काय करायचं. मेलेल्या इंजिनाकडे विमान वळायला लागतं. पायाखाली दोन पायटे असतात. ते वळणं थांबवायला दुसऱ्या बाजूचा पायटा दाबून धरायचा. मग कुठलं मेलं हे ओळखायचं, खात्री करायची, आणि मेलेल्याचा पंखा फिरायचा थांबवायचा, नाहीतर तो वाऱ्याला अडवत बसतो. चुकून चालू इंजिन बंद केलं तर दोन इंजिनांचं विमान बिनइंजिनाचं होतं, आणि ती बातमी पेपरात वेगळ्या पानावर येते.

हिल्के दांड्यांवर नकाशा धरायची आणि त्याच्याआडून हळूच एक दांडा मागे घ्यायची.

विमान डावीकडे ओढलं जायचं. वियार्ड उजवा पाय दाबायचा. मांडी थरथरायची. आणि तो बिनचूक, ठाम, अधिकारवाणीने चुकायचा. "उजवं गेलं," असं म्हणून चालू असलेल्या उजव्या इंजिनाकडे हात न्यायचा.

हिल्के त्याच्या हातावर चापट मारायची. "आत्ता आपण दोघं मेलो. परत."

परत तेच. "तिसऱ्यांदा मेलो. मला संध्याकाळी गाण्याच्या सरावाला जायचंय, वियार्ड."

खाली उतरल्यावर ती विमानाच्या पंखावर बसली. "मला सांग, तू दर वेळी जोर लावलेल्या पायाचंच नाव का घेतोस?"

वियार्डला उत्तर तयार होतं, कारण ते त्याचं आयुष्यभराचं शहाणपण होतं. "पाणी जिथे ढकलतं तिथे बांध फुटतो. जिथे ताण, तिथे दोष. चाळीस गावं या हिशोबावर कोरडी आहेत."

हिल्केने गोळी दुसऱ्या गालात सरकवली. "बांध खात्याने सगळ्या विमानदलांची वाट लावली असती," ती म्हणाली. "अरे, ज्या पायाला जोर लावावा लागतोय, तिकडचं इंजिन जिवंत आहे. म्हणून तर तू त्याच्याशी झगडतोयस. झगडतोय तो जिवंत. जो पाय नुसता बसलाय, काही मागत नाही, काही बोलत नाही, त्याच्याकडे बघ. तिकडचं गेलं."

वियार्डने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा मेला.

शेवटी हिल्के त्याच्या घरी चहाला आली. टाल्केने तिसरा कप भरला. तो पिऊन झाल्यावर हिल्केने आपला चमचा बशीतून उचलला आणि कपात उभा ठेवला, जसा इथे जन्मलेलं पोरसुद्धा ठेवतं. टाल्के किटली घेऊन आपोआप पुढे सरकली, वियार्डच्या कपाकडे.

"थांब," हिल्के ओरडली. "वियार्ड, तिने मला का नाही ओतला?"

"चमचा आहे ना कपात."

"मी बोलले का पुरे म्हणून?"

"बोलायचं कशाला?"

"मग तुझा रिकामा पाय म्हणजे कपातला चमचा. तो बोलत नाही. नुसता उभा राहतो. तिथे ओतू नकोस. आणि ते तोंडाने म्हण! कुठला पाय रिकामा, कुठलं इंजिन गेलं, हात कुठे नेतोस, सगळं मोठ्याने. आणि शेजारचा माणूस 'हो' म्हणेपर्यंत काहीही बंद करायचं नाही. गप्प बसून एकट्याने निर्णय घेणारे पायलट मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या बायकांना भेटायला मला जावं लागलंय."

टाल्के किटली धरून उभी होती. ती हिल्केकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. वियार्डला वाटलं चहा थंड होतोय.

पण त्या दिवसापासून त्याला जमलं. "डावा पाय रिकामा. डावं इंजिन गेलं. डावा दांडा हळू मागे घेतोय. आवाज बदलला नाही. खात्री झाली. बंद करू?" असं तो इतक्या मोठ्याने म्हणायला लागला की खाली कुरणातल्या मेंढ्या वर बघत.

परीक्षेचा दिवस आला आणि परीक्षक दक्षिणेतून आले. झिर्नगिबल नावाचे, बव्हेरियाचे, कॉफी पिणारे, अतिशय सभ्य गृहस्थ. समुद्रावरून धुकं आलं होतं, म्हणून टाल्केने त्यांना घरी बोलावलं. त्यांना निघताना कुणीतरी सांगितलं होतं की या भागात तीन कपांच्या आत चहा नाकारणं हा अपमान असतो. अर्धंच सांगितलं होतं. चमच्याचं सांगितलं नव्हतं.

झिर्नगिबल साहेबांनी तीन कप इमानाने संपवले, चमचा बशीत नीट आडवा ठेवला आणि हुश्श केलं. टाल्केने चौथा ओतला.

"उत्तम चहा," ते म्हणाले. मनाशी म्हणाले असतील, हा संपवला की सुटलो. संपवला. पाचवा आला. ते जितक्या घाईने संपवत तितकी टाल्के खूश. धुकं हटेना आणि किटली थांबेना. वियार्डने बघितलं, पण त्याला वाटलं, माणसाला आवडतोय. पाहुण्याला "चमचा कपात ठेवा" असं सांगणं म्हणजे "आता पुरे करा" असं सांगणं. असला उद्धटपणा या किनाऱ्यावर कुणी केला नव्हता.

"दक्षिणेत असा मिळत नसेल," टाल्के म्हणाली.

"नाही," झिर्नगिबल साहेब मनापासून म्हणाले. "असा कुठेच मिळत नाही."

साडेअकराला ऊन पडलं. क्लबवर आले तर संडासाला, त्याच त्या चकचकीत घासलेल्या खोलीला, आतून कडी लागली होती. आत हाब्बो पेपर वाचत होता. वेळ दवडायला नको म्हणून परीक्षक तसेच विमानात बसले.

वियार्डने अशी परीक्षा दिली की हिल्के अभिमानाने रडली असती. प्रत्येक गोष्ट मोठ्याने, सावकाश, खात्री करून. साहेबांनी डावं इंजिन मारलं, उजवं मारलं, वळणावर मारलं, वियार्ड एकदाही चुकला नाही.

"पुरे," झिर्नगिबल साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मला पटलं. परत चला."

"परत वळण्याआधीची यादी राहिलीय," वियार्ड म्हणाला आणि ती सावकाश वाचली.

किनारा दिसला तेव्हा एक वाजून गेला होता.

"दुपारची शांतता सुरू झाली," रेडिओवर हाब्बोचा आवाज आला. "तीननंतर या."

झिर्नगिबल साहेबांच्या तोंडून एक बव्हेरियन शब्द निघाला. "बोमगार्डन, आणीबाणी जाहीर करा."

"इंजिनं तर दोन्ही चालू आहेत, साहेब."

"आणीबाणी माझी आहे!"

वियार्डला मग कळलं. कप आठवले, बशीतला आडवा चमचा आठवला, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने रेडिओ उचलला. आणीबाणी असेल तर कसली, हे सांगावं लागतं, आणि वीस विमानं ऐकत असतात. एका सरकारी माणसाने दुसऱ्या सरकारी माणसाची अब्रू वाचवायला जे करायला हवं ते त्याने केलं. "परीक्षकांची तब्येत," तो म्हणाला. "अचानक."

झालं. हाब्बोच्या हातात वीस वर्षांत पहिल्यांदा खरी आणीबाणी आली होती. तो ती थोडीच सोडतो? गावाचा भोंगा वाजला. गावचं अग्निशमन दल म्हणजे खाटीक, सुतार आणि दोन शिक्षक. जेवणावरून उठून आले. रुग्णवाहिका आली. विमान टेकलं तसा सगळा ताफा घंटा वाजवत मागे लागला. वियार्ड धावपट्टीच्या टोकाला थांबला. दार उघडलं, झिर्नगिबल साहेब पंखावरून उडी मारून, स्ट्रेचर ओलांडून, डॉक्टरला बाजूला सारून, थेट फोकोच्या ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये दिसेनासे झाले.

फोको तिथेच उभा होता, गळ्यात यंत्र. त्याने यंत्राकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. "हाही आवाज नोंदवू का?" त्याने विचारलं.

सगळं गाव टोप्या हातात घेऊन गंभीरपणे उभं राहिलं. बऱ्याच वेळाने पानांतून आवाज आला. शांत, स्वच्छ, अधिकृत आवाज.

"बोमगार्डन, तुम्ही पास!"

आणि मग रिवाज. इथे ग्लायडरवाल्यांचा जुना नियम आहे की माणूस पहिल्यांदा एकटा उडून आला की सगळ्यांनी त्याच्या बुडावर एकेक चापट मारायची. बूड जागं राहिलं की हवा कळते म्हणे. दोन इंजिनांना हा नियम लागू होतो की नाही यावर क्लबची घटना गप्प आहे. हाब्बोने तिथेच ठराव मांडला, अनुमोदन दिलं. अग्निशमन दल आयतं रांगेत उभं होतंच. बांध खात्यातला वरिष्ठ माणूस विमानाच्या पंखावर ओणवा झाला, आणि खाटीक, सुतार, दोन शिक्षक, डॉक्टर आणि शेवटी झिर्नगिबल साहेबांनी, हात पुसून, आपापलं कर्तव्य केलं. साहेबांची चापट सगळ्यांत जोरात होती.

त्या संध्याकाळी वियार्ड उभ्यानेच चहा प्यायला. परवान्याचा कागद त्याने किटलीला टेकवून ठेवला. "शनिवारी तुला घेऊन जातो," तो म्हणाला. "दोन इंजिनांनी."

"अभिनंदन," टाल्के म्हणाली. "शनिवारी बोट सकाळी सातला आहे."

वियार्डला एवढं लागलं की तो बसला, आणि बसल्यावर आणखी लागलं. "अगं, हे सगळं कुणासाठी केलं मी? संडास घासला! सगळ्या गावासमोर मार खाल्ला! आता कसली भीती आहे तुला?"

"मला इंजिनाची भीती कधी नव्हती."

"मग?"

टाल्केने कप खाली ठेवला. "त्या दिवशी इंजिन बंद पडलं. वाळूवर टेकेपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. मी विचारलं, 'वियार्ड, आपण मरणार आहोत का?' तू समोर बघत राहिलास. मी परत विचारलं. तू म्हणालास, 'केक सांभाळ.'"

"मी... विमान उतरवत होतो."

"माहीत आहे. छान उतरवलंस. पण तेवढा वेळ मी एकटी मरत होते, तुझ्या शेजारी बसून. पुन्हा तसं मरायचं नाही मला. बोटीवर निदान खलाशी हवापाण्याचं काहीतरी बोलतात."

वियार्डने परवान्याचा कागद किटलीपासून काढला आणि त्याची घडी घातली. टाल्केच्या डोळ्यांत राग असता तर त्याला कळलं असतं. ताण असेल तिथे बघायची त्याला सवय होती. वर्षभर ती नुसती बसली होती. काही मागितलं नाही, काही बोलली नाही. आणि हा गाढव सगळ्या हवेत रिकामा पाय शोधत हिंडत होता.

ऑक्टोबरात पूर्वेचा वारा सुटला. पूर्वेचा वारा पाणी किनाऱ्यापासून लोटून नेतो. भरतीच्या वेळीसुद्धा बोटीखाली पाणी राहत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बेटावरच्या डॉक्टरचा फोन आला. व्युब्केला बघायचं असेल तर आज या.

बोटी बंद. टाल्के कोट घालून दारात उभी राहिली, हातात व्युब्केसाठी चहाची पिशवी: चहा, खडीसाखर, साय, चांदीचा चमचा. "चल," ती म्हणाली.

वियार्ड विमानतळावर पळाला, टाल्के मागोमाग. दोन इंजिनांचं विमान हँगरात उभं होतं आणि त्याचं उजवं इंजिन बाकावर, तुकड्या-तुकड्यांत. सुटा भाग येणार होता. कधी, ते भागालाच माहीत. बाहेर गवतावर क्लबचं छोटं विमान होतं. एका इंजिनाचं. तेच.

"एकच इंजिन आहे," वियार्ड म्हणाला.

"मोजता येतं मला."

दीड वाजला होता. हाब्बो खिडकीतून म्हणाला, "दुपारची शांतता आहे, वियार्ड. नियम..." आणि तो फोकोकडे बघायला लागला. फोको नेहमीसारखा कुंपणाशी होता. त्याने टाल्केच्या हातातली पिशवी बघितली, गळ्यातलं यंत्र काढलं, बंद केलं आणि खिशात घातलं.

"मी झोपलोय," फोको म्हणाला. "झोपलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. निघा."

वियार्ड बोलायला लागला तो चाकं हलायच्या आधीपासून. "दांडा पुढे करतोय. वेग येतोय. नाक उचलतोय. आता बांध ओलांडला. इंजिन चांगलं आहे. तेल चांगलं आहे. आता खाली वाळू आहे. इंजिन गेलं तर त्या चंदेरी पट्ट्यावर उतरेन, तो घट्ट असतो. गेलं तर मी तुला सांगेन. मला भीती वाटली तरी सांगेन. आत्ता थोडी वाटतेय. वारा मागून आहे, लवकर पोचू. ती जागा आली, टाल्के, आपण तिथे उतरलो होतो. त्या दिवशी मलाही वाटलं होतं की मरणार. म्हणून बोललो नाही. बोललो असतो तर खरं झालं असतं असं वाटलं. आता डावीकडे वळतोय. थोडंसंच. साय सांडली नाही ना? आता..."

टाल्केने पिशवीत हात घातला, चांदीचा चमचा काढला आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात उभा खोचला.

वियार्ड गप्प झाला.

व्युब्के जागी होती. उशांना टेकून बसली होती, चेहरा मेणासारखा. "कशाने आलात?" तिने विचारलं.

"याने आणलं," टाल्के म्हणाली. "एका इंजिनाने."

"एक शब्दही बोलला नसेल."

"खूप बोलला."

टाल्केने वियार्डच्या खिशातला चमचा काढून घेतला आणि चहा केला. खडा तडकला, ते ऐकून व्युब्के हसली. तिने पहिला कप घोट-घोट घेतला. दुसरा निम्मा. मग बहिणीचा हात बाजूला करून तिने बशीतला चमचा स्वतः उचलला. दोनदा तो कडेवर आपटला. तिसऱ्यांदा तिने तो कपात उभा ठेवला.

टाल्के किटली हातात धरून त्या कपाकडे बघत राहिली. वियार्ड उठला, तिच्याजवळ गेला.

"तुझ्या हातातून किटली घेतोय," तो मोठ्याने म्हणाला. "घेऊ?"

"हो," टाल्के म्हणाली.

त्याने घेतली.